राजापूरच्या पुढचा हिशेब

कृष्णेच्या पाण्याची वाटणी करणारा बच्छावत लवादाचा निवाडा ३१ मे १९७६ रोजी राजपत्रात छापून आला. त्याची पन्नाशी भरत असताना महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी (अब्ज घनफूट) हे आकडे कृष्णाकाठच्या दोन पिढ्यांना तोंडपाठ आहेत. पहिल्या २५ वर्षांबद्दल लिहिण्यासारखे फारसे उरलेले नाही. वाट्याचे पाणी मुदतीत अडवायचे म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, कर्जरोखे विकले गेले, नारळ फुटले आणि कितीतरी कालवे निम्म्यावर थांबले. ती कहाणी सगळ्यांनी आपापल्या सोयीने सांगून झाली आहे. राहून गेलेला प्रश्न वेगळाच आहे. आपल्या वाट्याचे पाणी एका राज्याने भर उन्हाळ्यात शेजाऱ्याला पैसे घेऊन दिले, तर त्या व्यवहारावर नजर कोणाची? निवाड्याने भावाभावांच्या वाटण्या करून दिल्या. वाटणीनंतरच्या देण्याघेण्याचे दप्तर मात्र कोणी उघडलेच नाही.

२०१० ते २०१९ या दशकात ही उणीव उघडी पडली. मार्च सरला की चिक्कोडी, रायबाग, अथणी या भागांत कृष्णेचे पात्र कोरडे पडू लागे. मग बेंगळुरूहून मुंबईला पत्र येई, कोयना किंवा वारणेतून पाणी सुटे आणि कर्नाटक त्याचे पैसे भरी. कोयनेचे पाणी कराड, सांगली ओलांडून शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्याशी येते. तिथले बरगे काढले की पुढे कर्नाटक. वरकरणी सौदा सरळ. पण धरणाच्या पायथ्याशी मोजलेला एक टीएमसी राजापुरात एक टीएमसी राहत नाही. काही पात्रात मुरतो, काही उन्हाने उडतो आणि काठावरचे शेतीपंप चालू असतील तर बराचसा उसात जातो. पंप थांबवायचे तर उपसाबंदी, म्हणजे विकलेल्या पाण्याची किंमत वाटेतला शेतकरी मोजणार. शिवाय पूर्वेला सोडलेल्या पाण्याला पश्चिमेकडचे पोफळीचे वीजगृह मुकते. मग पैसे कुठल्या मापाचे घ्यायचे, बुडालेली वीज आणि वाळलेले पीक दरात धरायचे की नाही, हे तपासायला त्रयस्थ कोणी नव्हता. दोन सरकारांचा पत्रव्यवहार, एवढीच काय ती चौकट.

कायद्याकडे पाहावे तर तिथे भलतेच लिहिलेले आहे. आंतरराज्य नदी पाणी तंटा कायदा १९५६चा. केवळ धरण आपल्या हद्दीत आहे म्हणून एका राज्याला दुसऱ्याकडून पाण्यावर जादा दर किंवा शुल्क आकारता येणार नाही, असे त्याचे कलम ७ सांगते. महाराष्ट्राला यावर म्हणता येईल की पैसे धरणाचे नव्हेत, आमच्या वाट्यातून सोडलेल्या पाण्याचे आहेत. हा युक्तिवाद टिकण्याजोगा आहे. पण तो मांडायचा कुणापुढे? नदी मंडळ कायदाही १९५६चाच, त्याखाली आजवर एकही मंडळ उभे राहिले नाही. महाराष्ट्राने २००५ साली कायदा करून जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आणले, पण त्याचा अधिकार राजापूरला संपतो. कृष्णेच्याच दुसऱ्या, ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली अंमलबजावणी मंडळ सुचवले. पुढच्याच वर्षी तो निवाडा राजपत्रात छापायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २०१४ साली कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ झाले ते आंध्र आणि तेलंगणापुरते. नदीच्या वरच्या अंगाला राखणदार नाही तो नाहीच.

त्याची फळे लवकरच दिसली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून दुष्काळी लातूरला पाण्याची पहिली रेल्वेगाडी गेली, ५ लाख लिटर घेऊन. एक टीएमसी म्हणजे अशा ५६ हजारांहून अधिक फेऱ्या. हे त्रैराशिक मांडून ‘आमचे पाणी परराज्याला विकले’ अशी ओरड करणे सोपे असते. कोयनेचे पाणी लातूरला नेणार कशातून, याचे उत्तर ओरडणाऱ्यांपाशी नसते. २०१९ साली महाराष्ट्राने पवित्रा बदलला: पैसे नकोत, पाण्याला पाणी द्या. उन्हाळ्यात आम्ही ४ टीएमसी सोडतो, तुम्ही तुमच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून तेवढेच सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याला द्या. कल्पना शहाणपणाची होती, पण करार रखडला. मे महिन्यात पाण्यासाठी एकमत न झालेली दोन्ही सरकारे ऑगस्टमध्ये सांगली बुडाल्यावर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गासाठी एकमेकांना फोन करत होती. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी थेट जतच्या गावांवरच हक्क सांगण्याची भाषा केली. पाण्याचा हिशेब मिटला नाही की गावांचा निघतो, तो असा.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, तहानलेल्याला पाणी विकणे हेच मुळात पाप; मद्रासला पिण्यासाठी तिन्ही राज्यांनी प्रत्येकी ५ टीएमसी दिलेच ना? दिले, आणि तो दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथे किती पाणी, कशासाठी आणि कुणाच्या वाट्यातून हे आधी कागदावर उतरले. फुकट दिलेल्या पाण्याला जर एवढी लिखापढी लागते, तर विकलेल्याला ती किती लागेल? दुसरा आक्षेप दिल्लीच्या लुडबुडीचा. ही भीती खोटी नाही. पण धरणाच्या दारांच्या किल्ल्या दिल्लीला द्या असे कोणी म्हणत नाही. राजापुरातले माप दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी एकत्र घ्यावे, रोजचा आकडा जाहीर व्हावा आणि दर व नुकसानभरपाई त्रयस्थाने तपासावी. यात कुणाची सत्ता जात नाही, फक्त अंधारातली सोय जाते. मला वाटते, खरा विरोध तिथेच आहे.

ही सोय महाराष्ट्रालाच महागात पडेल. विकलेला टीएमसी आमच्या ५६० मध्ये धरायचा की त्यांच्या ७०० मध्ये, हे आधी ठरलेले बरे. उद्या पुन्हा वाटणीची वेळ आली, तर देता आले म्हणजे तुमच्याकडे जादा होते, असे समोरचा वकील म्हणेल आणि पुराव्यादाखल आमच्याच सहीची पावती पुढे करील.