धुण्याचा दगड ते धुलाईयंत्र

आमच्या बालपणी घरामागील आडाजवळ काळ्या पाषाणाचा धुण्याचा दगड होता. त्यावर आपटल्या जाणाऱ्या कपड्यांच्या आवाजाने आम्हांस पहाटे जाग येत असे. त्या आवाजामागे आईचे दुखरे मनगट होते, हे उमगण्यास मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली. आज त्याच घरात दगडाची जागा धुलाईयंत्राने घेतली आहे.

धुणे हे एक काम नव्हे. ती कामांची माळ आहे. पाणी भरणे, भिजवणे, चोळणे, खळबळणे, पिळणे, वाळत घालणे, घड्या करणे. यंत्राने ही माळ एकदम उचलली नाही. एकेक मणी उचलला.

आरंभ झाला तो चोळण्यापासून. १७६७ मध्ये जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्टियान शेफर या धर्मोपदेशकाने आपल्या धुलाईयंत्राची माहिती प्रसिद्ध केली. १७८२ मध्ये इंग्लंडात हेन्री सिजियर यांनी फिरत्या पिंपाच्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे एकोणिसाव्या शतकात कपडे पिळण्यासाठी दोन रुळांची जोडी आली. परंतु दांडा हातानेच फिरवावा लागे, आणि रुळांत बोटे सापडण्याचे भय असे ते निराळेच.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत विजेवर चालणारी यंत्रे विक्रीस आली. शिकागोच्या हर्ली कंपनीचे ‘थॉर’ त्यांत विशेष गाजले. तरीही पाणी भरणे आणि पिळणे गृहिणीकडेच राहिले. १९३७ मध्ये बेंडिक्स कंपनीने धुणे, खळबळणे आणि पाणी काढणे ही कामे आपोआप करणारे घरगुती यंत्र आणले. ओली छत्री गरगर फिरवली की थेंब बाहेर उडतात. त्याच तत्त्वाने वेगाने फिरणारे पिंप कपड्यांतील पाणी बाहेर फेकते. या यंत्राला इतके हादरे बसत की ते जमिनीला बोल्टांनी जखडावे लागे!

मग गृहिणीचे कष्ट संपले काय? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेइतके घटले नाहीत. स्वच्छतेच्या कल्पना उंचावल्या, कपडे वारंवार धुतले जाऊ लागले, आणि पूर्वी बाहेर जाणारे धुणे पुन्हा घरात आले. याउलट स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २०१० मधील एका व्याख्यानात आपल्या आईची आठवण सांगितली. घरी यंत्र आले आणि आई त्यांना घेऊन ग्रंथालयात जाऊ लागली.

आम्हांस ही दोन्ही मते खरी वाटतात. यंत्र वेळ वाचवते. तो वेळ कोणाच्या पदरी पडावा, हे मात्र घरातील माणसे ठरवतात. माळेतील शेवटचे दोन मणी, वाळत घालणे आणि घड्या करणे, बहुतेक घरांत अजून गृहिणीच्याच हाती आहेत. हे ध्यानी आल्यावर आम्ही ते आपल्याकडे घेतले. आमच्या घड्या पाहून प्रारंभी घरात हशा पिकला. सौभाग्यवतींनी मात्र त्याच महिन्यात वाचनालयाची वर्गणी भरली.

आईला असा वेळ कधी मिळाला नाही, ही खंत मनात आहेच. तो दगड अजून अंगणात आहे. तो हलवण्याचे आमच्याच्याने होत नाही.