मज्जारज्जूची इजा आणि घरगुती विद्युत्-उद्दीपक
मज्जारज्जूस इजा झालेल्या रुग्णासाठी घरगुती विद्युत्-उद्दीपक निवडताना किमतीआधी एक गोष्ट पाहावयास हवी: लुळ्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू जिवंत आहे काय? इजा वरच्या भागात असल्यास तो बहुधा जिवंत असतो. त्यास चेतविण्यास २०० ते ४०० मायक्रोसेकंदांचे स्पंद पुरतात. रज्जूच्या शेवटच्या टोकाशी इजा झाल्यास मात्र हा तंतूच नष्ट होतो. मग स्नायूलाच थेट चेतवावे लागते व त्यासाठी शेकडोपट दीर्घ, सुमारे १०० मिलिसेकंदांचे स्पंद लागतात. बाजारातील बहुतेक यंत्रे ते देऊच शकत नाहीत. पैसा खर्चून स्नायू हलत नाही तो यामुळेच. शिवाय बधिर त्वचा भाजल्याचे रुग्णास कळत नाही, आणि सहाव्या वक्षीय पातळीच्या वरील इजेत रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असतो; सबब पहिला प्रयोग तज्ज्ञासमक्षच करावा.