दोन केबीतला खेळ

व्हिडिओ गेमची कॅसेट अडली की काढायची, फुंकर मारायची आणि परत बसवायची, हे तंत्र आपल्यातले बरेच जण मोठ्या भावाकडून शिकले. पण त्या डब्यासाठी आपण स्वतः गेम लिहू शकतो असं म्हटलं, की विष्णुपुरीच्या हॉस्टेलवर हशा पिकतो. "त्यापेक्षा मोबाईलचा बनव ना!" माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. शिकायचं असेल तर यंत्र जितकं छोटं तितकं बरं. ते पूर्ण डोक्यात मावतं.

आपल्याकडचे ते डबे म्हणजे निन्टेंडोने १९८३ साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आत ६५०२ च्या घराण्यातला प्रोसेसर. मूळचा ६५०२ आला १९७५ साली, म्हणजे आपल्या ८०८५ च्या एक वर्ष आधी. क्लॉक सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ, रॅम २ केबी. साध्या कॅसेटमध्ये प्रोग्रामला ३२ केबी आणि चित्रांना ८ केबी जागा. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' एवढ्याच जागेत बसवलेला आहे. त्यातला ढग आणि झुडूप ही एकच आकृती, फक्त रंग वेगळा!

८०८५ चं किट हाताळलेल्यांना ६५०२ परका वाटणार नाही. ए, एक्स आणि वाय अशी तीनच मुख्य रजिस्टर. 'इन' आणि 'आऊट' या सूचना नाहीत. प्रत्येक उपकरणाला मेमरीतलाच पत्ता असतो. बटणांचंच उदाहरण घ्या. मूळ कंट्रोलरमध्ये ४०२१ ही शिफ्ट रजिस्टरची आयसी असते. ४०१६ हेक्स या पत्त्यावर आधी १ लिहायचा, मग ०. त्या क्षणी आठही बटणांची स्थिती आत पकडली जाते. मग तोच पत्ता आठ वेळा वाचायचा. दर वेळी शेवटच्या बिटात एक बटण मिळतं: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. 'पॅरलल इन, सिरियल आऊट' म्हणून परीक्षेपुरतं पाठ केलेलं प्रकरण इथे चक्क अंगठ्याखाली सापडतं.

सगळ्यात जास्त लोक अडतात ते चित्र बदलताना. टीव्हीवर चित्र काढलं जात असताना चित्राच्या मेमरीला हात लावायचा नाही, नाहीतर पडदा विस्कटतो. एक चित्र संपून दुसरं सुरू होईपर्यंत थोडी उसंत मिळते, तिला व्हीब्लँक म्हणतात. जपानी यंत्रात ती सेकंदाला ६० वेळा येते आणि दर वेळी जेमतेम २२७० क्लॉक सायकल टिकते. नळाला पाणी आलं की तेवढ्यात घागरी भरून घ्यायच्या, हे मराठवाड्याच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. हिशोब आधी करून ठेवायचा, उसंत मिळाली की फक्त भरायचं.

दुसरी मर्यादा हलत्या आकृत्यांची. पडद्यावर एकूण ६४, पण एका आडव्या ओळीत आठच. गर्दी झाली की आकृत्या का लुकलुकायच्या, त्याचं कारण हे. मशीन खराब नव्हती, प्रोग्रामर आळीपाळीने आकृत्या दाखवत होता.

साधनं सगळी फुकट आहेत. प्रोग्रामसाठी सीसी६५ (यात असेंब्लर आणि सी कंपायलर दोन्ही येतात), चित्रांसाठी वायवाय-सीएचआर आणि चालवून बघायला एफसीईयूएक्स किंवा मेसेन हा एम्युलेटर. त्यातल्या डीबगरमध्ये प्रत्येक रजिस्टर आणि रॅमचा बाइट न् बाइट दिसतो. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे. खऱ्या डब्यावर चालवायचं असेल तर एम्युलेटरमध्ये 'डेंडी' निवडूनही तपासा, नाहीतर गेम संथ वाटेल.

माझ्या रूममधल्या एकाने 'आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही' असं दुसऱ्या वर्षीच ठरवून टाकलं होतं. त्याचा सेकंडहँड लॅपटॉप मोठं गेम इंजिन उघडतानाच गळपटायचा. घरून नवा मागायची सोय नव्हती, सोयाबीन पावसात गेलेलं. या साधनांना मात्र तोच लॅपटॉप पुरून उरला. तीन आठवड्यांनी त्याचा चौकोन बटणावर हलला. गेम अजून अर्धवट आहे, पण कॅरी फ्लॅग कशाला लागतो हे तो आता ज्युनिअर पोरांना समजावून सांगतो.

सुरुवात करणाऱ्यांनी क्रम असा ठेवावा. आधी पडद्याला एकच रंग द्या. मग एक आकृती दाखवा. मग ती बटणावर हलवा, भिंतीला अडवा आणि शेवटी स्कोअर मोजा. स्कोअरमध्येही गंमत आहे. या डब्यातल्या प्रोसेसरमधून दशमान बेरीज काढून टाकलेली आहे, ८०८५ सारखं 'डीएए' नाही. म्हणून प्रत्येक अंकाला वेगळा बाइट ठेवायचा आणि हातचा स्वतः द्यायचा, अगदी दुसरीच्या गणितासारखा.

आणि दुसऱ्याच्या गेमची रॉम उतरवून नाव बदलणं म्हणजे होमब्रू नव्हे. २०१९ साली आलेला 'मायक्रो मेजेस' बघा. चार जणांनी एकत्र खेळायचा हा नवाकोरा गेमही ४० केबीतच बसवलेला आहे.

तेव्हा सबमिशन संपलं की एक रविवार काढा. मारिओच्या मागे लागू नका, एक चौकोन हलवा. व्हायवाला सरांनी "शिफ्ट रजिस्टर कुठे वापरतात?" विचारलं, तर तुमच्याकडे पुस्तकाबाहेरचं उत्तर तयार असेल!