जुन्या जीपचे ब्रेक : बिघाड कसा ओळखावा?



गळिताचा हंगाम आला की पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या जीपगाड्या बाहेर निघतात. बेणे आणायचे असते, फडावर माणसे न्यायची असतात, पुढे माळेगावच्या यात्रेला घरची मंडळी निघतात. सेल मारला, इंजिन लागले की गाडी ठीक, असे आपण धरून चालतो. पण नांदेड-लातूर रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉल्या असतात, लोहा-अहमदपूरकडे चढ-उतारही आहेत. तिथे गाडी चालण्यापेक्षा ती थांबणे महत्त्वाचे.

ब्रेक एकाएकी ‘गेले’ असे लोक सांगतात. बहुतेक वेळा पेडल आधीच इशारा देत असते. तो कसा ओळखावा हे आम्ही येथे सांगत आहोत.

रचना : जुन्या विलीज नमुन्याच्या जीपला चारही चाकांसाठी एकच मास्टर सिलिंडर असतो. पेडल दाबले की त्यातले ब्रेक ऑईल नळ्यांतून प्रत्येक चाकातल्या व्हील सिलिंडरपर्यंत दाब पोचवते. तिथले पिस्टन ब्रेक शू ड्रमवर दाबतात. नळी एकच असल्याने एका चाकाचा होज पाईप फुटला तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. हे पक्के ध्यानात ठेवावे.

तपासणी : गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना दगड लावा, इंजिन बंद ठेवा आणि पेडल दाबून पाहा.

१. पेडल थेट तळाला गेले, तर ऑईल गळते आहे. मास्टर सिलिंडरची पातळी, सगळे होज पाईप आणि टायरची आतली बाजू पाहा. ओल दिसली तर बोट लावा. ब्रेक ऑईल पातळ असते व पाण्याने धुऊन जाते. एक्सलचे ऑईल दाट असते, पाण्याने जात नाही.

२. पेडल स्पंजासारखे लागते, दोन-तीनदा पंप केले की वर येते, तर नळीत हवा आहे. सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून निप्पलमधून हवा काढावी. पण हवा शिरली कुठून, तेही शोधावे.

३. पंप केल्यावर पेडल वर येते आणि टणकही लागते, तर शू झिजले आहेत किंवा ॲडजस्टमेंट सैल झाली आहे.

४. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली बसते आणि बाहेर गळती कुठेच नाही, तर मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर गेले. हा दोष फसवा आहे, कारण झटकन दाबल्यावर ब्रेक लागतात.

५. पेडल टणक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तेलकट, गुळगुळीत किंवा ओले झाले आहेत.

६. गाडी एका बाजूला ओढते, तर एखाद्या चाकाचा पिस्टन गंजून अडकला असेल किंवा लायनरला तेल लागले असेल.

७. थोडे चालवूनही ड्रम तापतो, तर शू मागे सुटत नाहीत. पेडलला सुमारे अर्धा इंच मोकळी चाल आहे का ते पाहावे.

उभ्या गाडीचे दुखणे : चालती गाडी बिघडते, उभी कशी बिघडेल, असे काहीजण विचारतात. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषते. त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो आणि नवे वॉशरही कापले जातात. शिवाय डॉट-३ जातीचे कोरे ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही; ओलावा धरलेले मात्र १४० अंशांच्या आसपास उकळू शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ होते आणि पाय मोकळाच खाली जातो. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदलावे. घरात आहे म्हणून ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑईल किंवा इंजिन ऑईल चुकूनही ओतू नये. रबर फुगते आणि सगळी यंत्रणा बाद होते.

ड्रम उघडल्यावर धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते, ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे.

रस्त्यात ब्रेक गेले तर : पेडल भराभर पंप करा, एकेक गियर खाली घ्या, इंजिन बंद करू नका. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून मागच्या शाफ्टवर असतो. तो हिसका न देता हळूहळू ओढा. गाडी थांबली की तिथेच ठेवा. ‘सावकाश नेतो घरी’ म्हणू नका. दोरीनेही ओढू नका, कारण ब्रेक नसलेली गाडी पुढच्या वाहनावर जाऊन आदळते. मिस्त्रीला तिथेच बोलवा, नाहीतर गाडी ट्रॉलीत घालून न्या.

वॉशरचे किट आणि ऑईल यांचा खर्च मोठा नाही. जीपमध्ये मागे आपलीच लेकरे बसतात. म्हणून पहिली ट्रॉली भरण्याआधी ही तपासणी प्रत्येक सभासदाने करून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.