वाटपाचा फोटो आणि महिन्याचं एक पान

आमच्या गावात गरजू मुलांना वह्या-पुस्तकं देणारी एक संस्था आहे. माणसं प्रामाणिक, काम चांगलं. पण गावाला त्याची खबर वर्षातून एकदाच लागते, वाटपाच्या दिवशी. फोटोत पदाधिकारी पाच आणि मूल एक! गेल्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी वाटपाला आलीच नाही. तिची आई म्हणाली, "सर, वह्या नको. फोटो साऱ्या मोहल्ल्यात फिरतो."

संस्थेने आपलं काम लोकांना सांगायलाच हवं. पण कसं?

सर सय्यद अहमद खान आपल्याला ठाऊक आहेत ते अलिगढच्या कॉलेजमुळे. पण इमारतीच्या आधी तिथे लिखाण उभं राहिलं होतं. 1864 मध्ये त्यांनी गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली. ती अलिगढला आल्यावर 1866 पासून तिचं गॅझेट निघू लागलं, उर्दू आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. विलायतेहून परतल्यावर डिसेंबर 1870 मध्ये 'तहजीबुल अखलाक' सुरू झालं. शाळा उघडली ती 1875 मध्ये! म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ आधी लोकांशी बोलणं चालू होतं. विरोधही कडाडून झाला. त्यांची सगळी धार्मिक मतं आजही सर्वांना पटत नाहीत, तो वेगळा विषय.

त्याच सुमारास त्यांच्या बनारसच्या समितीने लोकांकडून निबंध मागवले. मुसलमान मुलं सरकारी शाळांत का जात नाहीत? सांगण्याआधी विचारलं, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आणि भाषा किती साधी! 'बहस व तकरार' हा त्यांचा निबंध कुत्र्यांच्या गुरगुरण्यापासून सुरू होतो. वर्गात मुलं आधी हसतात, मग गप्प होतात.

आपल्या संस्थांना दरमहा एक पान पुरे. जकातीचे किती पैसे आले, कुठे गेले, शिल्लक किती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख, उत्पन्नाच्या दाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात. एखादा शिवणवर्ग बंद पडला असेल तर तो का पडला, हेही लिहावं. लपवलेली गोष्ट गावात दुप्पट होऊन फिरते. पान उर्दूत हवं, मराठीतही हवं. मुलांची नावं आणि चेहरे मात्र नकोत.

मी हे चिटणीससाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहिणार कोण?" पहिलं पान मीच लिहून दिलंय. त्यात हिशेबाखाली पालकांना एक प्रश्न विचारला आहे: वह्या कशा दिल्या, तर घ्यायला संकोच वाटणार नाही?