दुसऱ्या रक्ताचा हिशेब

सकाळी ८. जिल्ह्याच्या मेडिकल कॉलेजातली आमची डेंग्यूची प्रयोगशाळा. पावसाळ्यात रक्ताच्या नमुन्यांच्या शीतपेट्या रोजच येतात. पेटी उघडली की मी आधी फॉर्मवर ताप कधी सुरू झाला ते बघते. माझ्या मते अख्ख्या फॉर्मवरची सर्वांत मोलाची नोंद तीच, आणि नेमकी तीच कोरी असते. मग आरोग्यसेविकेला फोन. कारण कोणत्या दिवशीचं रक्त त्यावर तपासणी ठरते: पहिल्या पाच दिवसांत रक्तात विषाणूचं एनएस-१ प्रथिन सापडतं. आयजीएम प्रतिपिंडं पाचव्या दिवसानंतर नीट दिसू लागतात. तिसऱ्या दिवशीच्या रक्तात आयजीएम नाही, एवढ्यावरून डेंग्यू नाही असं म्हणता येत नाही.

९.३०. बरे झालेले लोक येतात, दहा-चौदा दिवसांनी बोलावलेले.

"ताई, ताप गेला की. आता रक्त कशाला?"

"काका, तापात घेतलेलं रक्त ठेवलंय आमच्याकडे. आजच्याशी ताडून बघितलं की डेंग्यूच होता का ते पक्कं कळतं."

काका बाही वर करतात. बरेचजण मात्र येतच नाहीत. मजुरी बुडवून कोण येणार, तेही बरं वाटत असताना?

१०.३०. सेंट्रिफ्यूज, सीरम वेगळं. उणे २० अंशांवर जपलेलं पहिलं सीरमही बाहेर काढते. दोन्ही एकाच प्लेटवर लावायची, कारण दोन प्लेटच्या आकड्यांत फरक पडतो.

११. आयजीएमचं किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचं. प्लेटवर ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे. शंभरपट पातळ केलेलं सीरम, प्रत्येकी ५० मायक्रोलिटर, मग ३७ अंशांवर तासभर. पाच वेळा धुणं. मग डेंग्यूचं अँटिजेन, पुन्हा तास, पुन्हा धुणं. या धुण्यात मी कुणालाही घाई करू देत नाही. वेलमध्ये थेंब राहिला तर निरोगी माणसाचा वेलही रंग धरतो. दरम्यान आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांसाठी दोन्ही सीरम टप्प्याटप्प्यानं पातळ करत नेते.

जेवण, एका तासाच्या फटीत.

३. शेवटचं द्रावण. निळा रंग चढतो, आम्ल घातलं की पिवळा होतो. रीडर ४५० नॅनोमीटरवर. आधी कंट्रोल, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले नमुने, बघायचे. ते चुकले तर सगळी प्लेट बाद.

४. आकडे जोडीनं वाचते. दुसऱ्या रक्तात आयजीजी चौपट किंवा जास्त चढलं असेल, तर संसर्ग ताजा. आधी कधी डेंग्यू होऊन गेलेल्यांत आयजीजी लवकर आणि झपाट्यानं वाढतं, आयजीएम मात्र कधी कधी जेमतेम. नुसतं आयजीएम बघणारा तिथं फसतो. उलट, आयजीएम दोन-तीन महिने टिकू शकतं, म्हणून एकट्या पॉझिटिव्हवर मी 'संभाव्य' एवढंच लिहिते.

५.३०. अहवाल जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांकडे. फवारणी आणि डासअळ्यांचा शोध कुठे लावायचा, ते यावर ठरतं.

तेव्हा ताप आला की तारीख लिहून ठेवा. आणि बरं वाटल्यावर पुन्हा रक्ताला बोलावलं, तर कृपा करून या.