बाळाचे पहिले अठ्ठावीस दिवस आणि गावची आरोग्यदूत



संस्था म्हटली की आपल्या गावात काय डोळ्यांपुढे येतं? एक गाडी येते, सतरंजी टाकली जाते, बायांना बोलावतात, सह्या होतात, चहा होतो, फोटो निघतो. गाडी जाते. पुढल्या वर्षी दुसरी संस्था, दुसरा फोटो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाया हे पाहून थकल्या आहेत, त्यात त्यांचं काही चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

पण याच मातीत दुसऱ्या तऱ्हेचं कामही झालं आहे. वरोऱ्याजवळ बाबा आणि साधनाताई आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभं केलं. 1973 मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. कुरखेड्याला ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ ही संस्था आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखाची ग्रामसभा तर सगळ्यांनी मिळून, एकमताने निर्णय घेते आणि आपलं जंगल सांभाळते. प्रत्येकावर एकेक भाषण होईल. आज आम्ही एकच गोष्ट सांगणार आहोत, कारण ती तुमच्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत येते.

गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. त्यानंतर चारेक वर्षांनी डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग इथे आले आणि ‘सर्च’ ही संस्था उभी राहिली. राणीताई मूळच्या चंद्रपूरच्याच. धानोरा रस्त्यावर त्यांचं शोधग्राम आहे. तिथल्या दवाखान्याला दंतेश्वरी देवीचं नाव आहे आणि तो आपल्या गावासारखा झोपड्यांचा बांधलेला आहे. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, हे लोकांना विचारून कळलं म्हणून तसा बांधला. आधी विचारायचं आणि मग बांधायचं, हा क्रम आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

राणीताईंनी सुरुवातीला दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. शंभरातल्या 92 बायांना अंगावर जाणं, पाळीचा त्रास, जंतुसंसर्ग असा काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बाया शंभरात जेमतेम आठ. हे 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ नावाच्या डॉक्टरांच्या जगप्रसिद्ध साप्ताहिकात छापून आलं. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण आणि ऑपरेशन, असंच धरलं जाई.

आता बाळांकडे येऊ. त्या काळी आपल्याकडे बहुतेक बाळंतपणं घरीच होत. सुईण नाळ कापायची आणि बाळ-बाळंतीण अंधाऱ्या खोलीत. चिकाचं दूध पिळून टाकायचं. बाळ रडेनासं झालं, दूध ओढेनासं झालं की देवाची करणी. दवाखाना वीस-तीस कोस, आणि महिन्याच्या आतलं लेकरू बाहेर काढायचं नाही ही रीत. सर्चने जन्मापासून महिनाभर 763 बाळांवर घरी जाऊन लक्ष ठेवलं. निम्म्याहून जास्त बाळांना कधी ना कधी उपचाराची गरज पडली, आणि डॉक्टर भेटला तो अगदी मोजक्यांना. शंभरातली चाळीसवर बाळं अडीच किलोपेक्षा कमी वजनाची होती.

मग डॉक्टर गावात येत नाही तर काय करायचं? त्यांनी उत्तर काढलं ते गावातच. गावातली, पाचवी ते दहावी शिकलेली बाई निवडायची आणि तिला शिकवायचं. तिचं नाव आरोग्यदूत. ती बाळंतपणाला सुईणीच्या सोबत बसायची. बाळ रडलं नाही तर त्याला श्वास द्यायची. वजन करायची, ताप पाहायची, बाळाला गुंडाळून ऊबदार ठेवायला शिकवायची, चिकाचं दूध पाजायला लावायची. महिनाभरात पुन्हा पुन्हा घरी जायची आणि जे दिसलं ते वहीत लिहायची. बाळाला जंतुसंसर्ग झाल्याची खूण दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर त्यांच्या संमतीने औषध द्यायची, इंजेक्शनसुद्धा. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर येऊन तिचं काम तपासायचे.

सातवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला इंजेक्शन देणार, यावर तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या. तुम्हीही उंचावल्या असत्या. म्हणून याचा हिशोब नीट ठेवला गेला. 39 गावांत हे काम केलं आणि 47 गावांत नेहमीच्याच सोयी राहिल्या. दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू सारख्याच पद्धतीने मोजले. काम सुरू होण्याआधी या 39 गावांत जन्मलेल्या हजार बाळांमागे 62 बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती. तिसऱ्या वर्षी, म्हणजे 1997-98 मध्ये, हा आकडा 25 वर आला. दुसऱ्या 47 गावांत तो 60 च्या आसपासच राहिला. हेही 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. जंतुसंसर्ग झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी 16-17 जात, उपचार सुरू झाल्यावर तीनच्या आसपास.

ही दुसऱ्या गावांशी तुलना आम्ही मुद्दाम सांगितली. आपल्या बचत गटात कोणी येऊन म्हणालं, की आमच्या योजनेने एवढा फरक पडला, तर विचारा: आधी किती होतं? आणि जिथे योजना नव्हती तिथे काय झालं? फरक खरंच पडला असेल तर सांगणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

श्वास मोजण्याची गोष्ट मात्र आम्हाला सगळ्यात आवडते. न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटात बाळ किती वेळा श्वास घेतं ते मोजावं लागतं. सुईणींना साठपर्यंत आकडे येत नव्हते. म्हणून मण्यांची पाटी केली आणि सोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर बाळ आजारी. सुईणीला आकडे येत नाहीत म्हणून तिला घरी बसवलं नाही. तिच्या हाताला जमेल असं मोजमाप शोधलं.

पुढे ही पद्धत देशाने उचलली. 2011 पासून आपल्या आशाताई नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. फरक एवढाच की आशाताईकडे ते इंजेक्शन नाही. ती ओळखते आणि पुढे पाठवते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा ‘पुढे पाठवणे’ या दोन शब्दांत किती अडचण आहे ते तिथल्या बायांनाच विचारा.

आणखी एक बोलायचं राहू नये. या सगळ्या भेटी पूर्ण केल्यावर आशाताईला एका बाळामागे 250 रुपये, असं त्या योजनेत ठरलं. चिखल तुडवत सहा-सात वेळा जायचं, वजनकाटा वाहायचा, नोंद करायची. त्याला ‘सेवा’ म्हणतात. सेवा खरीच आहे, पण सेवेचं नाव घेऊन बाईचे कष्ट स्वस्तात घ्यायची सवय आपल्याला लागली आहे, आणि संस्थाही त्यातून सुटलेल्या नाहीत. मंडळाचा पुरुष सचिव मानधन घेतो आणि बायांना टाळ्या मिळतात, असं आम्ही पाहिलं आहे.

आता घरातल्या बाळंतिणीसाठी. बाळ जन्मलं की पुसून कोरडं करा, आईच्या अंगाशी घ्या, डोकं झाका. लगेच आंघोळ नको. तासाभरात चिकाचं दूध. मध, साखरपाणी, गुटी काही नाही. नाळेला राख, शेण, हळद लावू नका.

आणि यातली एक जरी खूण दिसली तर वाट पाहू नका: दूध ओढेनासं झालं, रडणं मंद झालं किंवा थांबलं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतं किंवा तापलं, पोट फुगलं, नाळेतून पू येतो, कण्हतं, श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतो. आपल्याकडे ‘डब्बा’ झाला म्हणतात आणि कोणी पोटावर डागायला सांगतं. डागू नका, त्याने बाळाचे हाल होतात आणि वेळ जातो. आशाताईला हाक मारा, 108 ला किंवा 102 ला फोन लावा. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात नेणं आणि उपचार दोन्ही मोफत आहेत. नेताना बाळ आईच्या छातीशी, कपड्याच्या आत ठेवा आणि ओढत असेल तर वाटेत पाजत राहा.

श्वास तुम्हीही मोजू शकता. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पोटावरचा कपडा थोडा वर करा. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त झाले तर पुन्हा एकदा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर बाळाला घेऊन निघा. आकडे जमत नसतील तर मोहाच्या टोळ्या घ्या, दर दहा श्वासांना एक बाजूला ठेवा. मिनिट संपायच्या आत सहावी टोळी बाजूला पडली, तर तेच झालं.